३क्ष + २य म्हणजे ५क्षय का नाही: आठवीतल्या मुलीच्या वडिलांना उत्तर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांनी विचारलंय. मुलगी मराठी माध्यमात आठवीत आहे. बैजिक राशी (आकडे आणि अक्षरं मिळून लिहिलेली राशी) सोपी करायला दिली की ३क्ष + २य चं उत्तर ५क्षय लिहिते, ५क्ष − क्ष चं उत्तर नुसतं ५ लिहिते, आणि कंसाच्या आधी वजा आलं की कधी बरोबर, कधी चूक. पुढचं त्यांच्याच शब्दांत: "सजातीय पदांचीच बेरीज होते हे ती झोपेतसुद्धा म्हणून दाखवते, खरं गणित करताना परत तेच. व्हिडिओ लावले तर ते महाराष्ट्राच्या पुस्तकाचे, कन्नड शाळेतली मैत्रीण तिसरेच शब्द वापरते. मी स्वतः एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत शिकलोय. ट्यूशन लावू का?"

मी बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या मराठी हायस्कुलांमध्ये तीस वर्षांहून जास्त गणित शिकवलं, आता घरीच असते. त्यामुळे उत्तर जरा ऐसपैस देते. एक आधीच सांगते, पुस्तकात इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. मी इथे आमच्या पिढीच्या सवयीनं क्ष आणि य लिहितेय. अक्षर कुठलंही घ्या, गणित तेच.

तुमच्या प्रश्नात खरी गोष्ट तुम्हीच लिहून गेलाय. नियम तिला पाठ आहे. मग तोच नियम आणखी दहा वेळा म्हणून घेतला तर काय होणार? "सजातीय", म्हणजे ज्यांतली अक्षरं आणि त्यांचे घात सारखे अशी पदं, हा शब्द तिला येतो; क्ष म्हणजे काय, हे कदाचित येत नाही. किंवा क्ष समजलाय, पण उत्तर "संपलं" कधी म्हणायचं ते कळत नाही. किंवा या दोन्हींत काही नाही, सहावी-सातवीतल्या ऋण संख्याच कच्च्या आहेत आणि बीजगणित उगाच बदनाम होतंय. तिन्हींवर औषध वेगळं आहे. त्यामुळे आधी कुठे दुखतंय ते बघा. तिला कागदावर ही पाच गणितं द्या, मदत करू नका, तोंडावर काही दाखवूही नका:

(अ) ७ − १२
(आ) −३ − ५
(इ) क्ष = ६ असेल तर ३क्ष किती?
(ई) २० − (८ − ३)
(उ) ४क्ष + ३ सोपं करा

पहिली दोन चुकली तर महिनाभर बीजगणित बाजूला ठेवा. (आ) चं उत्तर ८ आलं तर समजा की "वजा वजा अधिक" हे वाक्य तिच्या डोक्यात सुटं फिरतंय. ते वाक्य गुणाकाराचं आहे. मुलं ते दोन वजा दिसले की कुठेही लावतात. इथे उधारीची वही काढायची. दुकानात ३ रुपये देणं होतं, आज आणखी ५ रुपयांचं सामान उधार आणलं. देणं मिटलं की वाढलं? −८. आमच्याकडच्या कुठल्याही मुलाला उधारीची वही समजावून सांगावी लागत नाही.

(इ) चं उत्तर ३६ आलं तर घाबरू नका, रागावूही नका. ती ३ आणि क्ष शेजारी शेजारी ठेवतेय, जसं ३ आणि ६ शेजारी ठेवले की छत्तीस. पहिलीपासून शेजारी लिहिण्याचा अर्थ तिला तसाच शिकवलाय. अडीच लिहितानाही २ च्या शेजारी १/२ लिहितो, तिथे मधे न लिहिलेलं अधिक असतं. आणि आता अचानक ३क्ष मधे न लिहिलेला गुणाकार असतो! हे कोणी तिला थांबून सांगितलेलं नसतं. आठवडाभर ३क्ष च्या जागी ३ × क्ष लिहू द्या. वर्गात मी हे करायला लावायचे तेव्हा हुशार मुलं नाक मुरडायची, पण फायदा त्यांनाही व्हायचा.

(ई) चं उत्तर ९ आलं तर गोष्ट कंसाची आहे, त्यावर खाली येते. आणि (उ) ला ७क्ष आलं, बाकी सगळं बरोबर आलं, तर तुमची मुलगी अगदी नेहमीच्या ठिकाणी अडकलीय. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त मुलं इथेच अडकतात, म्हणून इथे थोडं थांबूया.

एक मुलगी मला आठवते. फळ्यावर ४क्ष + ३ लिहून मी म्हटलं, "झालं. हेच उत्तर." ती उभी राहिली: "टीचर, मधलं अधिक तसंच राहिलंय की. उत्तर अर्धंच झालं न्हवं?" चूक तिची नव्हतीच. पहिलीपासून अधिक दिसलं की "करून टाक" असा हुकूमच असतो. ८ + ५ असं उत्तर लिहून कोणी वही दिली तर आपण मार्क देतो का? इतकी वर्षं आपण शिकवलं की उत्तर म्हणजे एकच आकडा, चिन्ह शिल्लक नको. आणि बीजगणितात एका दिवसात नियम बदलतो, उत्तरात अधिक राहू शकतं. मुलं आपली प्रामाणिकपणे ते अधिक संपवतात. ४क्ष + ३ चं ७क्ष होतं, ३क्ष + २य चं ५क्षय होतं. अडाणीपणा नव्हे हा, जुनी शिस्त आहे.

मी तिला विचारलं, "तुमची जमीन किती?" तिने सांगितलं, दोन एकर पाच गुंठे. "सात का म्हणाली नाहीस?" वर्ग हसला, तीही हसली. कोणी सात एकर म्हणत नाही, सात गुंठे म्हणत नाही, "सात एकरगुंठे" तर नाहीच. दोन एकर पाच गुंठे हे पुरतं उत्तर आहे. आता एका एकरात ४० गुंठे हे आपल्याला माहीत आहे, म्हणून हवं तर २ × ४० + ५ करून ८५ गुंठे म्हणता येतं. पण समजा तो ४० हा आकडाच माहीत नाही, तर? तर दोन एकर पाच गुंठ्यांवरच थांबावं लागेल. ४क्ष + ३ मधे नेमकं हेच आहे. क्ष किती ते कळलं की सगळं मिळून एक आकडा होईल. कळेपर्यंत क्षचे चार वेगळे आणि सुटे तीन वेगळे.

हा दाखला मला आंबे-केळ्यांपेक्षा बरा वाटतो. बहुतेक शिक्षक "३ आंबे आणि २ केळी मिळून ५ आंबाकेळी होतात का?" असं सांगतात. सुरुवातीची काही वर्षं मीही सांगत होते. त्या दिवशी मुलांना पटतं, पुढे अंगावर येतं. एक तर मुलं म्हणतात, "टीचर, ५ फळं झाली की!" बरोबरच आहे त्यांचं. दुसरं, क्ष म्हणजे आंबा हे डोक्यात बसलं की क्ष = ४ म्हणजे काय, आंबा बरोबर चार? आणि पुढच्या धड्यात क्ष × य आलं की आंबा गुणिले केळं. क्ष ही वस्तू नाही, संख्या आहे. आत्ता माहीत नसलेली, पण संख्याच. तुम्ही घरी समजावताना हे एक पथ्य पाळा. "क्ष म्हणजे पोतं" म्हणू नका, "क्ष म्हणजे एका पोत्यातल्या रताळ्यांचं किलोतलं वजन" म्हणा.

रताळ्यांचंच घ्या, बेळगावच्या बाजूला त्यांची काही कमी नाही. रताळ्याच्या प्रत्येक पोत्यात क्ष किलो, बटाट्याच्या प्रत्येक पोत्यात य किलो. (प्रत्यक्षात दोन पोती कधी सारखी भरत नाहीत हे मला माहीत आहे. पण एका गणितात क्षची किंमत सगळीकडे एकच धरायची, हा बीजगणिताचा करार आहे.) टेम्पोत रताळ्याची ३ पोती, बटाट्याची २. किलोत माल किती? ३क्ष + २य. मुलगी म्हणेल, "पाच पोती!" म्हणू द्या. पाच पोती हे खरंच आहे, पण तो पोत्यांच्या संख्येचा जबाब झाला, आपण किलो विचारले होते. ५क्षय मधला ५ कुठून येतो ते इथे तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. त्यात रताळ्याची आणखी ४ पोती चढवली तर रताळी किती किलो? ३क्ष + ४क्ष, म्हणजे तीन वेळा क्ष आणि आणखी चार वेळा तोच क्ष, सात वेळा क्ष. (३ + ४) × क्ष. सजातीय पदांच्या नियमाच्या पोटात एवढंच आहे. पुस्तकात त्याला वितरण गुणधर्म म्हणतात. दोन्हीकडे गुणायला तीच एक संख्या असेल तर आधी वेळा मोजायच्या आणि मग गुणायचं. क्ष आणि य या दोन वेगळ्या संख्या, म्हणून वेळा एकत्र मोजता येत नाहीत.

आणि खरं सांगायचं तर हे तिला प्राथमिक शाळेपासून येतं. तीनशे आणि दोनशे किती? पाचशे. तीनशे आणि दोन हजार किती? दोन हजार तीनशे. "पाच शेहजार" असं अजून तरी कुणाच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. शेच्या शेजारी शे, हजाराच्या शेजारी हजार. आपली सगळी संख्याभाषा सजातीय पदांवरच चाललीय, फक्त तिथे शे म्हणजे शंभर हे ठरलेलं असतं.

आता ५क्ष − क्ष = ५. मुलं क्ष हे अक्षर खोडून टाकतात, शब्दातून एक अक्षर खोडावं तसं. पाच पोती होती, एक उचलून नेलं, उरलं काय? "पाच" असं म्हणताना तिला स्वतःलाच विचित्र वाटेल. महिनाभर नुसत्या क्षच्या आधी १ लिहायची सवय लावा: ५क्ष − १क्ष = ४क्ष. तसंच −क्ष म्हणजे −१क्ष. पेपरात १क्ष लिहिलं तर चालतं का? चालतं, फक्त दिसायला बरं नाही.

क्ष² बद्दल थोडक्यात सांगते, कारण तुम्ही विचारलं नाही, पण पुढच्या पानावर ते येणारच. क्ष² म्हणजे क्ष × क्ष. २क्ष + ३क्ष² हे ५क्ष³ होत नाही आणि ५क्ष² ही होत नाही. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. त्याच्या चार बाजूंचं कुंपण १३२ फूट. कुंपणाचे फूट आणि जमिनीचे चौरस फूट एकाच खात्यात मांडणारा तलाठी मी पाहिला नाही. या उलट क्षय आणि यक्ष मात्र सजातीय, कारण क्ष × य काय आणि य × क्ष काय, गुणाकार एकच. ३क्षय + २यक्ष = ५क्षय. मराठीत लिहिलं की एक क्षयरोगातला होतो आणि दुसरा कुबेराच्या दरबारातला, त्यामुळे मुलांना हे उदाहरण विसरता येत नाही. इंग्रजी अक्षरं आली आणि ही मजा गेली.

पडताळा. सगळ्यांत उपयोगी पडेल अशी सवय मी तुम्हाला देऊ शकत असेन तर ती ही: उत्तर आलं की अक्षरांच्या जागी आकडे घालून बघायचं. ३क्ष + २य आणि ५क्षय एकच असतील तर कुठल्याही आकड्याला एकच यायला हवेत. क्ष = ३, य = ५ घ्या. डावीकडे ९ + १० = १९. उजवीकडे ५ × ३ × ५ = ७५. वाद संपला. वडिलांना गणित येवो न येवो, हा पडताळा येतो. त्यामुळे तुमचं एसएसएलसीचं शिक्षण इथे अजिबात कमी पडणार नाही.

पण आकडे निवडताना सांभाळा. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी मोठ्या ऐटीत फळ्यावर क्ष = १, य = १ घेतलं. ३ + २ = ५. आणि ५ × १ × १ = ५. चाळीस मुलांसमोर चुकीचं उत्तर बरोबर ठरलं! मागच्या बाकावरून "म्हणजे बरोबरच की टीचर" असा आवाज आला, आणि पुढची पाच मिनिटं मला काय बोलावं सुचेना. तशीच दुसरी फसवी जागा २ ची: क्ष + क्ष = क्ष² हे चूक आहे, पण क्ष = २ घातलं तर ४ = ४ होतं. ० ची तीच गत. म्हणून ०, १, २ वर्ज्य. ३, ५, ७, १० असे घ्या आणि दोन अक्षरांना दोन वेगळे आकडे द्या. आकडे जुळले नाहीत तर उत्तर शंभर टक्के चूक (किंवा पडताळा करताना चुकलात). जुळले तर बहुधा बरोबर.

आता लांब राशी. ६क्ष − ४य + ३ − २क्ष + ९य − ८ असं काही आलं की मुलं आकडे गोळा करतात, चिन्हं वाटेत सांडतात. माझी पद्धत अशी: प्रत्येक अधिक-वजाच्या अगोदर पेन्सिलीनं एक उभी रेघ मारायची.

६क्ष | − ४य | + ३ | − २क्ष | + ९य | − ८

प्रत्येक घरात चिन्ह डाव्या कोपऱ्यात आलं. पद उचलायचं ते चिन्हासकट. पहिल्या घरात चिन्ह दिसत नाही, तिथे अधिक आहे असं धरायचं. मग क्षची घरं गोल करा, यची चौकटीत, सुट्या आकड्यांखाली रेघ. गोल मारताना चिन्ह गोलाच्या आत आलं पाहिजे, बाहेर नाही. हा तपशील लहान वाटतो, पण चिन्ह बाहेर राहिलेला गोल म्हणजे पुढची चूक ठरलेली. त्यानंतर:

६क्ष − २क्ष = ४क्ष
−४य + ९य = ५य
३ − ८ = −५

उत्तर ४क्ष + ५य − ५. इथे थांबायचं, दोन एकर पाच गुंठे आठवायचं. पडताळा क्ष = ३, य = ५: मूळ राशी १८ − २० + ३ − ६ + ४५ − ८ = ३२; उत्तर १२ + २५ − ५ = ३२.

सातवी-आठवीच्या मुलांना मी आडवी मांडणीच आधी देते. उभी मांडणी, म्हणजे एकाखाली एक सजातीय पदं लिहायची, दिसायला नीटनेटकी असते आणि मोठ्या बेरजांना सोयीची. पण वजाबाकीत "खालच्या ओळीची चिन्हं बदला" हे मंत्रासारखं पाठ होतं आणि का ते कोणी विचारत नाही. शाळेत उभीच मांडणी घेत असतील तर घरी मोडता घालू नका. एकाच वेळी दोन पद्धती हा मुलांवर अन्याय आहे.

कंसाला मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण वरचं पक्कं नसेल तर कंसाला हात लावण्यात अर्थ नाही. कंसात दोन वेगळ्या चुका होतात.

पहिली, गुणाकार कंसातल्या पहिल्याच पदाला देऊन मोकळं होणं: ५(क्ष − १) चं ५क्ष − १. मार्केट यार्डात माल घालणाऱ्या घरातल्या मुलाला हे एका वाक्यात कळतं. पोत्याचं एकूण वजन क्ष किलो, त्यात रिकाम्या बारदानाचा १ किलो धरला तर निव्वळ माल क्ष − १. अशी पाच पोती. व्यापाऱ्यानं पाच पोत्यांचं मिळून एकच बारदान कापलं तर तुमचा फायदा, पण तो तसं करणार आहे का? पाच पोती, पाच बारदानं. ५क्ष − ५.

दुसरी चूक वजाची. ७क्ष − (२क्ष − ३). मुलं ७क्ष − २क्ष − ३ लिहितात आणि ५क्ष − ३ वर येतात. मी "कंसाबाहेर वजा असेल तर आतली चिन्हं बदलतात" हे वाक्य आधी सांगत नाही. आधी आकडे घेते. दुकानात शंभराची नोट दिली. वस्तू २० रुपयांची, दुकानदारानं ओळखीत ३ रुपये सोडले. परत किती मिळायला हवेत? १०० − (२० − ३) = १०० − १७ = ८३. आता त्यानं १०० − २० − ३ करून ७७ हातावर ठेवले तर? मुलं लगेच भांडायला उठतात: "त्याने तर सोडायचे ते तीन उलटे घेतले की!" नेमकं. सोडलेले ३ तुम्हाला परत यायला हवेत, म्हणून १०० − २० + ३. आणि फरक बघा, ३ चा नाही, ६ चा आहे. सोडायचे तीन सोडले नाहीत आणि वर तीन घेतले. चिन्ह का बदलतं हे एकदा पैशात कळलं की नियम पाठ करायची गरज उरत नाही. आतमधे अधिक असेल तर तसंच: पट्टीतून, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबातून, (हमाली + तोलाई) वजा करायची म्हणजे हमालीही कापली जाते आणि तोलाईही. दोन्हीच्या आधी वजा.

मग ७क्ष − २क्ष + ३ = ५क्ष + ३. पडताळ्याला क्ष = १० घ्या: ७० − १७ = ५३, आणि ५ × १० + ३ = ५३. चुकीच्या उत्तरानं ४७ येतात. इथेही फरक सहाचाच.

शब्दांच्या गोंधळाबद्दल. हे आपल्या भागाचं जुनं दुखणं आहे. व्हिडिओत "बैजिक राशी", "चल" (क्ष, य सारखं अक्षर), "सहगुणक" (अक्षराआधीचा आकडा). मैत्रिणीच्या कन्नड पुस्तकात राशीला "बीजोक्ती", चलाला "चराक्षर". आणि दहावीनंतर पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्स घेतलं की सजातीय पदांना "लाइक टर्म्स" आणि सहगुणकाला "कोइफिशंट". मी मुलांना वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने आखायला लावत असे, मराठी, कन्नड, इंग्रजी, इंग्रजी शब्दसुद्धा देवनागरीत. नवा शब्द आला की तिन्हीकडे भरायचा. पेपरात मात्र तिच्या पुस्तकात छापलेला शब्दच लिहायचा, व्हिडिओतला नाही. मैत्रीण आहे तर दोघींनी एकत्र बसावं. एकीनं कन्नडमधून आणि दुसरीनं मराठीतून तेच गणित सांगितलं की शब्दांची भीती जाते. गणित दोन्ही पुस्तकांत तेच आहे.

तसंही "सजातीय" हा शब्द कुठल्या बोर्डानं काढलेला नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'बीजगणित' या ग्रंथात सांगून ठेवलंय की समान जातीच्या राशींची बेरीज-वजाबाकी करायची आणि भिन्न जातीच्या वेगवेगळ्या मांडून ठेवायच्या. "वेगवेगळ्या मांडून ठेवायच्या" हे तुमच्या मुलीला दाखवा, तिचं राहिलेलं अधिक तिथे साडेआठशे वर्षांपूर्वी राहिलेलं आहे. त्या काळी क्ष-य नव्हते. पहिल्या अज्ञात संख्येला यावत्तावत् म्हणजे "जितकी असेल तितकी", आणि पुढच्यांना रंगांची नावं: कालक, नीलक, पीतक. लिहिताना नुसतं पहिलं अक्षर, या, का, नी, पी. "जितकी असेल तितकी" यापेक्षा क्षचा चांगला अर्थ मला तीस वर्षांत सापडला नाही. भास्कराचार्यांनी आपलं गाव सह्याद्रीजवळचं विज्जडविड असं सांगितलंय. काही अभ्यासक ते विजापूर मानतात, काही चाळीसगावकडचं पाटण. म्हणजे कर्नाटक की महाराष्ट्र हा वाद त्यांनाही चुकला नाही.

राहिला ट्यूशनचा प्रश्न. वरच्या पाच गणितांत काय येतं त्यावर ते आहे. ऋण संख्या कच्च्या असतील आणि घरी रोज बसायला कोणाला वेळ नसेल तर लावा, पण तिथे आधी पूर्णांक (धन आणि ऋण संख्या) घ्या असं स्पष्ट सांगा. नाहीतर तेही पुढचा धडा पुढे रेटतील. फक्त ४क्ष + ३ ची अडचण असेल तर पैसे घालवू नका. रोज रात्री जेवणाआधी पंधरा मिनिटं, पाचच गणितं, आणि पाचवं तिनं तुम्हाला शिकवायचं. तुम्ही अधूनमधून मुद्दाम ५क्षय म्हणायचं आणि ती पकडते का बघायचं. चूक झाली की खोडरबर नको. चुकलेल्यावर एक आडवी रेघ, खाली पडताळ्याचे आकडे आणि मग नवं उत्तर. खोडलेल्या वहीतून मला कधी काही कळलं नाही, रेघ मारलेल्या वहीतून सगळं कळायचं.

किती दिवस लागतील? पाया ठीक असेल तर दोन-तीन आठवडे, पूर्णांकांपासून सुरुवात असेल तर सहामाहीपर्यंत धरा. मधे एखाद्या दिवशी परत ५क्षय येईल, तेव्हा नुसतं "जमीन किती आपली?" एवढंच विचारा. आणि त्या पाच गणितांची तिची उत्तरं इथे लिहा, चुकांसकट. (आ) आणि (इ) ला काय आलं ते मला आधी बघायचंय.